ऊसतोडीला गेल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या तुटतात, त्याचं आपण काय करणार?

बालाघाट_वारा
मंडळी, धागा लांब होणार हाय, पण विषयच तसा हाय. मी बीडच्या डोंगरपट्ट्यातली. काही वर्षं लिंक वर्कर, म्हंजी एचआयव्हीची माहिती देणारी कार्यकर्ती, म्हणून गावोगाव फिरले, आता ते काम नाही पण लोकांचे फोन अजून येतात, गोळ्या संपल्या, रिपोर्ट कळंना, सासूला कळलं तर काय करू, असं काय काय. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागल्या की मला धास्ती बसती. मुकादमाकडून उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घेतलेली माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, खाली बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात आणि पट्टा पडंपर्यंत, म्हंजी मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच. त्यात एचआयव्हीची औषधं चालू असलेली बाया-माणसंही असतात. बऱ्याच जणांजवळ जाताना महिन्याभराचीच डबी असती. ती संपली की फडातून सोडणार कोण? खाडा केला की पैसे कटतात, आणि परमुलखात दवाखान्यात जाऊन मला ह्या गोळ्या पाहिजेत म्हणायची हिंमत होत नाही. मग गोळी तुटती. गावी येईस्तोवर एआरटी सेंटरच्या, म्हंजी एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, यादीत नाव एलएफयूमध्ये, म्हंजी औषध सोडून गायब झालेल्यांत, गेलेलं असतं, आता मॅडम बोलतील ह्या भीतीनं माणूस आणखी दोन महिने तिकडं फिरकत नाही.

आता ह्यात सगळ्या गावाचा काय संबंध, तर ऐका. गोळी रोज पोटात गेली की रक्तातला विषाणू दबतो, बहुतेकांचा व्हायरल लोड सहा महिन्यात मशीनला सापडणार नाही इतका खाली जातो, रिपोर्टवर टीएनडी येतं. हे असंच टिकवलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मनाचं नाही सांगत. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास झाला, २०११ ला निकाल जाहीर झाला, ९ देशांतली १,७६३ जोडपी, एक जण पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह, त्यात पुण्यातली जोडपीपण होती. औषध लवकर सुरू केलं त्यांच्या जोडीदारांना होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. त्यानंतर युरोपात पार्टनर अभ्यास झाला, त्यात तर व्हायरल लोड दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला एकही लागण सापडली नाही. म्हणजे गोळी घेणारा स्वतः तर जगतोच, आणि लागण पुढं जायचीपण तिथंच थांबती. पण गोळी सोडली की काही आठवड्यातच विषाणू परत वर येतो, आणि धरसोड चालू राहिली तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार व्हायची भीती वेगळीच.

म्हणून माझं एकच म्हणणं हाय. आपल्या मराठवाड्यात लागण थांबवायची असंल तर रॅली, रांगोळी, १ डिसेंबरच्या एड्स दिनाची भाषणं हे सगळं नंतर करा, आधी हंगामात गोळी चालू राहील ह्याची सोय लावा. सोय करायला नवीन काही काढायचं नाही, नियमात हाय ते लोकांपर्यंत न्यायचंय. तब्येत स्थिर असलेल्या पेशंटला सेंटर तीन महिन्यांपर्यंत गोळ्या देऊ शकतं. आणि तिकडं मुक्काम असताना जवळच्या कुठल्याही सरकारी एआरटी सेंटरला आपलं औषधाचं पुस्तक दाखवलं तर ट्रान्झिट पेशंट म्हणून गोळ्या मिळतात, कर्नाटकातपण, कारण कार्यक्रम सगळ्या देशाचा एकच हाय. हे किती जणांना माहीत हाय? मला भेटलेल्या तोडकऱ्यांपैकी बहुतेकांना नव्हतं.

गोदाकाठ
ताई चांगला विषय काढलात. मी गंगाखेडकडचा, आमच्याकडून बी टोळ्या जातात. पण मला वाटायलंय एचआयव्ही आता कमी झाला, आमच्या लहानपणी भिंतीवर, एसटी स्टँडवर सगळीकडं लिहिलेलं असायचं, आता कोणी नाव बी काढत नाही.

बालाघाट_वारा
@गोदाकाठ कमी झालाय हे खरंय आणि ते कमी होण्यामागं हजारो लोकांचं काम हाय. पण संपला नाही. २०२३ च्या सरकारी अंदाजात देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगायलेत आणि त्या एका वर्षात ६८ हजारांवर नव्या लागणी झाल्या. माणसांच्या आकड्यात आपला महाराष्ट्र सगळ्यात पुढं. नाव निघत नाही म्हणून तरुण पोरांना काहीच माहीत नाही, हे मला जास्त भीतीचं वाटतं.

एक_कोयता
मी बोलू का. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, बायकोपण. आम्ही नवराबायको मिळून एक कोयता म्हणून जातो, लेकरू आईकडं ठेवून. गोळ्या चालू होऊन लई वर्षं झाली. आधी जी गोळी होती ती रात्री घेतली की चक्कर यायची, वाईट स्वप्नं पडायची, आणि आम्हाला पहाटं तीनला उठून गाडी जुंपायची असायची, तवा मी मधी मधी सोडायचो. आता जी एकच गोळी आहे, टीएलडी म्हणतात, तिचं तसलं काही नाही. दिवसातून एकदा, एकच टाइम धरायचा. आम्ही सकाळचा चहा झाला की घेतो.

ताई म्हणते ते खरं आहे, पण अवघड गोळी घ्यायचं नाही, ठेवायचं आहे. कोपीला दार नसतं. शेजारच्या कोपीतली बाई पीठ मागायला आली तर सगळं उघडंच. डबी वाजते म्हणून लोक गोळ्या कागदात बांधतात, पोत्यात खुपसतात, मग दमट होतात. डबीत जी छोटी पुडी असते ती काढून फेकू नका, ती ओल धरायला असते. बायको डबीत वर कापूस दाबून भरते, आवाज येत नाही. आमच्या टोळीत कोणालाच माहीत नाही. माहीत झालं तर पुढच्या वर्षी उचल मिळंल का नाही ह्याचीच भीती. आमचा दोघांचाबी व्हायरल लोड टीएनडी आहे. लेकरू निगेटिव्ह आहे, अठरा महिन्याला शेवटची टेस्ट झाली तवा सिस्टरनं सांगितलं, त्या दिवशी मी पेढे वाटले, कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

नर्सताई_हिंगोली
@एक_कोयता दादा, तुम्ही दोघं नवराबायको खरंच शाबासकीचे धनी. मी उपकेंद्राला आहे, गरोदर बायांबद्दल लिहिते कारण तिथं आपण लागण जवळजवळ शून्यावर आणू शकतो आणि तरी काही बाया सुटतात.

औषध काहीच घेतलं नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, आईनं वेळेत औषध सुरू केलं आणि बाळाला डोस दिला तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. म्हणून पहिल्याच नोंदणीला टेस्ट करायची, बोटातून थेंबभर रक्त, तिथंच कळतं, आता एकाच किटवर सिफिलिसपण बघतो. तिथं काही आलं तर लगेच कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही बरं का, आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राला, पाठवतो, तिथं वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात मगच रिपोर्ट. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापीनचं पातळ औषध सहा आठवडे, मग सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन तपासणीला जातं, आणि शेवटचा निकाल अठरा महिन्याला.

अडचण कुठं येते, तर पोट घेऊन बाई तोडीला जाते. नोंदणी इथं, सातवा महिना फडात, बाळंतपण कुठं होईल देवाला ठाऊक. मी जाणाऱ्या बायांना माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते आणि सांगते हे घरी ठेवायचं नाही, सोबत न्यायचं. जिची गोळी चालू आहे तिला आणखी एक सांगावं लागतं, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी ह्या गोळीसोबत उपाशीपोटी घ्यायची नाही, त्यानं औषध अंगी लागत नाही, अंतर किती ठेवायचं ते सेंटरला विचारून घ्यायचं. दुधाचं विचारतात, तर आईचं औषध नीट चालू असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मध्येच गाईचं, मध्येच पावडर असं मिसळायचं नाही.

मांजराकाठ
लातूरला शिकतो, कॉलेजात एचआयव्ही जागृतीचा रेड रिबन क्लब आहे पण पोरं सर्टिफिकेटपुरती येतात. एक विचारायचंय, रागवू नका. आमच्या हॉस्टेलला एक मुलगा आहे, हासेगावच्या सेवालयाच्या बाजूचं गाव त्याचं, तो सांगतो तिथली एचआयव्ही असलेली मुलं शिकून मोठी झाली, कामाला लागली. आणि माझ्या घरी अजून आई म्हणते की त्यांच्या हातचं खाऊ नये. डास चावून, ताटात जेवून, एका बाथरूममधून होतो का? आईला नीट सांगता यावं म्हणून विचारतोय.

नर्सताई_हिंगोली
@मांजराकाठ कशाला रागवू, विचारलंस हे चांगलं केलंस. यातल्या कशानंच होत नाही. डासानं नाही, जेवणानं नाही, हातात हात घेतल्यानं, एका विहिरीचं पाणी प्यायल्यानं, खोकल्यानं नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्यानं वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग. आईला सेवालय दाखवून आण, बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे तेपण. तिथं लेकरं जेवताना, खेळताना बघितली की मनातली अढी जाते, नुसतं सांगून जात नाही.

काळी_माती
नांदेडहून. मी जरा वेगळं बोलणार आहे. इतकं समुपदेशन, गोपनीयता, संमती करत बसण्यापेक्षा लग्नाआधी टेस्ट सक्तीची करा, तोडीला जाणाऱ्या प्रत्येकाची मुकादमाकडून सक्तीची टेस्ट करा, रिपोर्ट ग्रामपंचायतीत ठेवा. माझ्या नात्यातल्या पोरीचं वाटोळं झालं, नवऱ्याला माहीत होतं, घरच्यांनाबी माहीत होतं, लपवून लग्न लावलं. तो दोन वर्षात गेला आणि सासरच्यांनी तिलाच अवदसा म्हणून हाकलून दिलं. कोण भरून देणार तिचं?

बालाघाट_वारा
@काळी_माती काका, तुमचा राग रास्त हाय आणि त्या पोरीवर झाला तो अन्यायच हाय. पण सक्तीला माझा ठाम विरोध हाय, का ते सांगते. रिपोर्ट मुकादमाकडं किंवा ग्रामपंचायतीत गेला तर दुसऱ्या दिवशी गावभर होणार. मग टेस्टच्या दिवशी ज्याला शंका हाय तोच माणूस पळून जाणार, आणि आपल्याला नेमकं त्याच्यापर्यंतच पोचायचंय. लग्नाआधीच्या एका टेस्टवर निर्धास्तबी होता येत नाही, लागण नवीन असली तर सुरुवातीचे काही आठवडे टेस्टमध्ये दिसत नाही, तीन महिन्यांनी परत बघावं लागतं. दोन्हीकडच्यांनी मिळून, पोरापोरीनं स्वतः ठरवून आयसीटीसीला जायचं, हे मी प्रत्येक लग्नघरात सांगते, त्याला कोणाची ना नसावी.

कायद्यातपण सक्ती बसत नाही. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू हाय, त्यात संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट फोडता येत नाही, आणि एचआयव्ही हाय म्हणून नोकरी, शाळा, उपचार नाकारता येत नाही. त्याच कायद्यात तुमच्या नात्यातल्या पोरीच्या कामाचं कलमबी हाय. बाईला आणि अठरा वर्षांखालच्या लेकराला ज्या घरात राहत होते तिथं राहायचा हक्क दिलाय, एचआयव्हीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. तिला जिल्हा कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा, बाईला वकील फुकट मिळतो. संजय गांधी निराधारचा अर्जबी भरा, लेकरू असंल तर बालसंगोपनचा.

सिंदफणा_८४
आमचे वडील मुकादम, मी हिशोब बघतो, म्हणून मुकादमाच्या बाजूनंबी कुणीतरी बोलावं. सगळेच खाडा कापायला टपलेले नसतात. पण आम्हाला कोणी सांगतच नाही. कुणाला काय आजार आहे हे आम्हाला कळायची गरज नाही हे पटलं. मग आम्ही करायचं काय ते सांगा ना. महिन्यातून एक दिवस दवाखान्याची सुट्टी, खाडा नाही, कारण विचारायचं नाही, एवढं मी वडलांकडून कबूल करून घेऊ शकतो. कारखान्याच्या गावाला आठवडी बाजार असतो त्या दिवशी काम जरा ढिलं असतं, तोच दिवस ठरवला तर टोळीचं बी नुकसान नाही आणि कुणाला शंका बी येणार नाही, सगळेच बाजारला जातात.

एक_कोयता
@सिंदफणा_८४ भाऊ तुमच्यासारखा मुकादम मिळाला असता तर माझ्या दोन हंगामाच्या गोळ्या तुटल्या नसत्या. बाजारचा दिवस लई बरोबर आहे. एक अजून, टोळीला कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सगळ्यांनाच द्या, ताप थंडी साप विंचू सगळ्यासाठी. एचआयव्हीचं नाव घ्यायची गरजच नाही. ज्याला जायचंय तो जातो.

बालाघाट_वारा
हेच हवं होतं मला. @सिंदफणा_८४ तुम्ही वडलांशी बोला, मी आमच्या भागातल्या आशाताईंना घेऊन भेटायला येते.

अजून एक वाट हाय. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढायचा विषय विधिमंडळात गाजला आणि त्यानंतर तोडीला जायच्या आधी, आल्यावर बायांची आरोग्य तपासणी करायचं ठरलं. त्या शिबिरात रक्तदाब, हिमोग्लोबिन होतंच, तिथंच एचआयव्ही, सिफिलिस, टीबीची विचारपूस ज्याला हवी त्याला ठेवली तर वेगळा मंडप लागत नाही आणि कोण कशासाठी आलंय ते कळतबी नाही. टीबी मुद्दाम म्हणते, एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त टीबीनंच जातो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असंल तर थुंकी तपासाच. आणि शिबिर बायांपुरतं ठेवू नका. बाईची टेस्ट होती, गडी सुटतो, मग बाईच गावात आधी कळती आणि दोष तिच्या माथ्यावर बसतो. जोडीनं टेस्ट व्हायला पाहिजे.

गोदाकाठ
ताई नुसते तोडकरीच का, जालन्याच्या स्टील कारखान्यात बाहेरची किती पोरं येतात, ढाब्यावर ट्रकवाले थांबतात, आमच्या गावचीच पोरं पुण्याला कंपनीत हैत, खोलीवर सात-आठ जण राहतात.

बालाघाट_वारा
@गोदाकाठ बरोबर, घर सोडून लांब राहणाऱ्या प्रत्येकाला हे लागू होतं. मी तोडकऱ्यांचं लिहिलं कारण ते मला जवळून माहीत हाय. पुण्यातल्या पोरांना सेंटर जवळ असतं, त्यांची अडचण लाजेची हाय. त्यांना १०९७ हा टोल फ्री नंबर द्या, नाव न सांगता बोलता येतं. आणि ज्यांना धोका जास्त हाय त्यांच्यासाठी लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची प्रेप नावाची गोळीबी हाय, डॉक्टरला विचारून. वर्षातून दोनच इंजेक्शनं घ्यायची असं लेनाकापाव्हिर नावाचं औषध निघालंय, २०२५ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. सहा महिने फडात राहणाऱ्या निगेटिव्ह जोडीदाराला असं इंजेक्शन जाण्याआधी मिळालं तर किती मोठं काम होईल बघा, ते आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट यावं म्हणून आत्तापासून मागणी लावून धरायला पाहिजे.

नर्सताई_हिंगोली
एक भर. कुणावर अत्याचार झाला किंवा दवाखान्यात सुई टोचली तर एचआयव्हीची लागण टाळायला ७२ तासांच्या आत औषध सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. पोलिसात जायचं की नाही ह्या विचारात लोक तीन दिवस घालवतात. आधी सरकारी दवाखाना गाठा.

आणि एसटीची सवलत. एचआयव्हीच्या पेशंटला सवलत आहे पण लोक कार्ड दाखवत नाहीत, गाडीभर ओळखीचे असतात. कंडक्टरला आजाराचं नाव न कळता सवलत मिळेल असं काही करता आलं तर फार बरं होईल. माझ्याकडची एक बाई तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून दोन महिने सेंटरला गेली नव्हती, सवलत असून.

मांजराकाठ
आईला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणाली पेढ्यांचं जे लिहिलंय त्या दादाला सांग लेकराला शिकव. क्लबकडून आम्ही औसा, निलंग्याकडच्या टोळ्या निघायच्या आधी कागद वाटू शकतो, कारखान्याच्या तालुक्यातले एआरटी सेंटर, लिंक सेंटर कुठं आहेत त्याची यादी करून. पण नुसतं एआरटी लिहिलेला कागद कुणी घेईल का?

एक_कोयता
@मांजराकाठ भाऊ नाही घेणार. सगळ्या दवाखान्यांची यादी करा, बाळंतपण कुठं, साप चावल्यावर कुठं, टीबीची गोळी कुठं, त्यातच एक ओळ एआरटीची. अक्षर मोठं करा. आईला नमस्कार सांगा.

काळी_माती
सक्तीचं माझं मत अजून पुरतं बदललं नाही, पण घरात राहायच्या हक्काचं माहीत नव्हतं. पोरीला घेऊन सोमवारी जिल्हा कोर्टात जातो. भाच्याचं लग्न जमायलंय, मुलीकडच्यांना मीच बोललो, दोघांची टेस्ट करू, ते तयार हैत. ताई, तिथं पैसे लागतात का, आणि दोघांना एकत्र आत घेतात का?

बालाघाट_वारा
@काळी_माती काका, आयसीटीसीत पैसे लागत नाहीत. सकाळी ओपीडीच्या वेळात जा. आधी प्रत्येकाशी एकट्याशी बोलतात आणि रिपोर्टबी ज्याचा त्यालाच देतात, दोघांची मर्जी असंल तर एकत्र बसून सांगतात. तुम्ही बाहेर बाकड्यावर थांबा, आत जाऊ नका.